दाताच्या डॉक्टरच्या वरचा मजला

सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळच्या त्या इमारतीचा जिना मी गालाला रुमाल धरून चढायचो. दात माझे सगळे शाबूत होते. पण पहिल्या मजल्यावर दाताचा डॉक्टर होता आणि दुसऱ्या मजल्यावर ती पाटी होती : ‘मनोविकार व मनोविश्लेषण’. समोर चहाचं हॉटेल. आमच्या कामगार अभ्यासवर्गातलं कोणी ना कोणी तिथे कायम बसलेलं असे. त्यांनी पाहिलंच तर याची दाढ दुखतेय असं वाटावं, म्हणून रुमाल. पहिल्या मजल्यापर्यंत मी थोडं कण्हतही असे. मग इकडेतिकडे बघून रुमाल खिशात घालायचा आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पळायचं.

वेडा ठरण्याची मला इतकी लाज वाटली नसती. लाज होती ती वेगळीच. वर्षभरापूर्वी मीच एक पत्रक लिहिलं होतं, ‘भरल्या पोटाचं दुखणं’. ज्याला भाकरीची भ्रांत नाही त्याने खुर्चीत पडून लहानपणच्या गोष्टी उगाळायच्या आणि दुसऱ्याने वही घेऊन त्या ऐकायच्या, याला उपचार म्हणत नाहीत, रिकामटेकडेपणा म्हणतात, असं मी त्यात ठणकावलं होतं. ‘कामगाराचं दुःख त्याच्या मनात नसतं, त्याच्या पगारात असतं,’ हे शेवटचं वाक्य आमचा वर्ग चालवणाऱ्या मास्तरांना इतकं आवडलं की त्यांनी ते अभ्यासवर्गात दोनदा वाचून घेतलं. मनोविश्लेषणावरचं एकही पुस्तक मी उघडलेलं नव्हतं. त्याच्या विरोधातलं एक पत्रक तेवढं वाचलं होतं, आणि त्यावरून माझं लिहिलं होतं.

मी वाढलोच पत्रकांवर. वडील गिरणीत होते. घरात पुस्तक म्हणून नव्हतं, पण गिरणीच्या दारात वाटलेलं प्रत्येक पत्रक ते घडी करून आणायचे. त्यांच्यावरच मी अक्षरं लावायला शिकलो. ‘बंधूंनो’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. घरात आम्ही तेलुगू बोलत होतो, शहराच्या पूर्व भागातल्या सगळ्या विणकरांसारखे, त्यामुळे माझं मराठी हे पत्रकांचंच मराठी होतं. जाहीर निषेध, धिक्कार, आवाहन. अम्मा आधीपासूनच विड्या वळायची; वडील गेल्यावर मी पत्रकं लिहायला लागलो.

लिहिणं जमत होतं. बोलणंही जमायचं, एका दिवसापर्यंत. त्या दिवशी गिरणीच्या दारात सभा होती. हॉटेलातून आणलेल्या टेबलावर मी चढलो, ‘बंधूंनो’ म्हणालो, ‘आज आम्ही’ म्हणालो आणि पुढे आवाजच आला नाही. शब्द पाठ होते. तोंड उघडं होतं. घशात कोणी बोळा कोंबावा तसं झालं.

“पानी द्या रे त्याला!” गर्दीतून एकजण ओरडला.

“लई शिकलंय ते. घशात आडाकलंय.”

“पत्रक गिळलं काय की!”

माणसं हसली. माझीच माणसं, ज्यांच्यासाठी मी रात्रंदिवस लिहीत होतो. मी खाली उतरलो. पुढच्या सभेत तेच झालं, त्याच्या पुढच्या सभेतही तेच. टेबलावरून उतरलं की आवाज जसाच्या तसा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरने आरसा घालून पाहिलं आणि घसा उत्तम आहे म्हणून सांगितलं. सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या घेऊन मी सभेला गेलो तो टेबलाला टेकूनच पेंगलो. “मनोविश्लेषण वगैरे आता जुनं झालं,” तो म्हणाला होता, “आता सगळं गोळ्यांवर आलंय.” हे मला पटलं होतं. गोळ्यांनी गुण आला असता तर मी आजही तेच म्हणत असतो.

मास्तर रात्रशाळेत शिकवायचे. ते म्हणाले, “मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. घसा बसलाय, बाकी काही नाही. आणि लवकर बरा हो. विडीवाल्या बायकांची सभा ठरलीय. तिथं तूच बोलायचंयस.”

ते खरं होतं. विडी कारखान्यातला चेकर बायकांनी वळून आणलेल्या विड्या तपासायचा आणि मनाला येईल तेवढ्या खराब म्हणून बाजूला काढायचा. याला छाट म्हणतात. छाटीतल्या विड्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. त्या वर्षी छाट बेसुमार वाढली होती. बायका एकत्र यायला तयार होत्या, पण निम्म्याहून अधिक तेलुगू बोलणाऱ्या. आमच्या अभ्यासवर्गात तेलुगू येणारा मी एकटा. मी गप्प राहिलो तर सभा होणार नव्हती. आणि त्या बायकांत माझी अम्मा बसणार होती.

म्हणून मी जिना चढलो.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. मुंबईला शिकून, तिथेच बरीच वर्षं काम करून त्या सोलापूरला परत आल्या होत्या. खोलीत मी पत्रकात लिहिली होती तशी गुबगुबीत खुर्ची नव्हती. एक लोखंडी कॉट होती, तीवर आपली सोलापुरी चादर. बाई कॉटच्या उशाशी, मला दिसणार नाहीत अशा बसायच्या. मी पडल्या पडल्या वर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघत राहायचो.

“मनात येईल ते बोला,” त्या म्हणाल्या.

“माझ्या मनात काही येत नाही. माझ्या डोक्यात विचार असतात.”

“मग डोक्यात येईल ते.”

मी वर्गसंघर्षावर बोललो. आठवड्यातून दोनदा असे कित्येक आठवडे. तिथे आवाज खणखणीत. त्या मध्येच ‘हं’ म्हणायच्या. एकदा एवढंच विचारलं, “तुम्ही प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’ म्हणता. हे ‘आम्ही’ कोण?”

“कष्टकरी.”

“त्यात तुमच्या घरचं कोण कोण आहे?”

मला राग आला. व्यक्तीला समाजापासून तोडायचं हे जुनंच कारस्थान आहे, असं मी त्यांना सुनावलं. त्या ‘हं’ म्हणाल्या.

एके दिवशी त्यांच्या टेबलावर माझं पत्रक दिसलं. ‘भरल्या पोटाचं दुखणं’. खाली नाव नसे आमच्या पत्रकांवर. माझे कान तापले.

“हे कुठून आलं?”

“सात रस्त्यावर एकाने हातात दिलं. चांगलं लिहिलंय. शुद्धलेखन तेवढं बघायला हवं होतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “यातला एक प्रश्न मात्र रास्त आहे. आजच्या काळात, या गावात, या उपचाराचा उपयोग होतो का? मीही तो विचारते. काहींना होतो. काही वर्षानुवर्षं येतात आणि होत नाही. कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही मला.”

इतकं प्रामाणिक उत्तर आमच्या अभ्यासवर्गात कधी कुणी दिलं नव्हतं. दिलं असतं तर आम्ही त्याला डळमळीत म्हटलं असतं. माझं नाव त्या पत्रकाखाली नाही याचं मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

सभा जवळ आली तसं मला एक स्वप्न पडायला लागलं. मी टेबलावर उभा आहे. समोर बायका बसल्या आहेत, मांडीवर सुपं, सुपात तंबाखू आणि पानं. एकही मान वर करत नाही. माझं तोंड तंबाखूने भरलंय. आणि अम्माचा आवाज येतो. हे मी कॉटवर पडून सांगत होतो, मराठीत. अम्माचं वाक्य मात्र मराठीत येईना. तेलुगूतच आलं : “मनं कादु.”

मग बाईंनी हळूच विचारलं, “मन काढू?”

मला हसू फुटलं. खाली दाताचा डॉक्टर ‘दात काढून मिळतील’ म्हणतो आणि वर या मन काढून देतात की काय! मी खदाखदा हसलो. “अहो, ते तेलुगू आहे. मनं म्हणजे आपण. कादु म्हणजे नव्हे. आपण नव्हे. ते आपण नव्हे, असं ती—” आणि तिथे माझा घसा बंद झाला. टेबलावर व्हायचा तसाच. पहिल्यांदाच त्या खोलीत.

बाई उठल्या नाहीत, पाणी दिलं नाही, पुढचं वाक्य सुचवलं नाही. फक्त म्हणाल्या, “मी चुकीचं ऐकलं.” आणि थांबून राहिल्या. त्या थांबण्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. आमच्या चळवळीत इतकं कुणीच थांबत नाही.

आवाज आला तेव्हा मी तेलुगू व्याकरणातली एक गोष्ट सांगत होतो. मराठीतल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’सारखे आमच्यातही दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून म्हटलं तर ‘मेमु’, त्याला धरून म्हटलं तर ‘मनं’. अम्मा हे मला म्हणत होती, म्हणून ‘मनं’. मी तिच्यात होतो. आणि मग, कुठून कोण जाणे, ते दिसलं. विडी कारखान्याची शाखा, बायका वळलेल्या विड्या जमा करायला जातात ती. मी शाळेच्या चड्डीत. चेकर ओरडतोय की हिने तंबाखू चोरून घरी ठेवला. अम्माला मराठी धड येत नाही. ती माझा खांदा हलवते : मनं कादु, चेप्पुरा. आपण नव्हे, सांग त्याला. चेकर माझ्याकडे वळतो. “काय म्हन्ती रं तुजी आई?” पलीकडे माझ्या वर्गातला एक मुलगा बापाबरोबर उभा आहे. आणि मी म्हणतो, “मला तेलुगू येत नाही.”

कॉटवरची चादर मी मुठीत धरली होती. रडलो, चांगला मोठ्याने. खाली दाताच्या डॉक्टरच्या बाकावर बसलेल्यांना काय वाटलं असेल!

मला वाटलं, संपलं. मूळ सापडलं. आता घसा सुटणार. पत्रकात असंच असतं, कारण सापडलं की निवारण. त्याच आवेशात मी घरी गेलो. अम्मा दाराशी सूप घेऊन बसली होती. कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा. बोलताना ती कधी मान वर करत नाही. लहानपणापासून मला काही सांगायचं असलं की मी तिच्या बाजूला बसायचो, ती विडीकडे बघायची, मी भिंतीकडे. आमचं सगळं बोलणं असंच झालेलं.

मी बसलो आणि सांगितलं. शाखा, चेकर, ते वाक्य. माफ कर म्हणालो.

तिचे हात चालूच होते. ती तेलुगूत म्हणाली, “कुठल्या शाखेत?”

“आपल्या.”

“मी तुला कधी शाखेत नेलंच नाही, बिड्डा. तंबाखूच्या वासाने तुला ढास लागायची. तुला शेजारी ठेवून जायची मी.” मग जरा हसून म्हणाली, “आणि चोरीचा आळ माझ्यावर? छाट कितीबी पडली आसंल, आळ न्हाय कधी.” हे शेवटचं तिने मुद्दाम मराठीत म्हटलं. तिचं मराठी एव्हाना माझ्यापेक्षा मोकळं झालं होतं.

मी पुन्हा पुन्हा विचारलं. ती चिडली. “मला येडी समजतोस का रे? शाखेत मी होते की तू होतास?”

पुढच्या खेपेला मी रुमालही न धरता जिना चढलो, इतका संतापलो होतो. कॉटवर न पडता उभाच राहिलो. “जे घडलंच नाही ते तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. माझ्या लिखाणात पुराव्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही!” हे खोटं होतं. ते पत्रक अजून त्यांच्या टेबलावर होतं.

“मी काढून घेतलं नाही,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही म्हणता ते शक्य आहे. आठवण खरी की खोटी हे इथे बसून मला ठरवता येत नाही. या उपचाराचा हा कच्चा भाग आहे.”

“मग मी आलो कशाला?”

“लाज तर खरी होती ना?”

मी तडक निघालो. जिन्यात दाताच्या डॉक्टरकडून एक म्हातारा बाहेर येत होता, तोंडात कापूस. त्याने मला वाट दिली. पुन्हा मी तिथे गेलो नाही.

सभेच्या दिवशी कारखान्याजवळच्या पटांगणात बायका जमल्या. येताना सुपं घेऊनच आल्या होत्या, दिवसाचा आकडा पुरा करायचा होता ना. रांगेने बसल्या आणि सभा असो की काही असो, हात चालू. मास्तरांनी टेबल आणवलं. मी चढलो. मराठीत सुरुवात करायची, मग तेलुगूत, असं ठरलं होतं. “भगिनींनो, आज आम्ही”, आणि झालं. बोळा.

समोर तेच स्वप्नातलं दृश्य. सुपं, खाली घातलेल्या माना. पण खरोखर बघितलं तेव्हा कळलं की त्या माना माझ्यावर रुसलेल्या नव्हत्या. कामात होत्या. ऐकत होत्या. आमच्या घरात ऐकणं असंच दिसतं.

तिसऱ्या रांगेतून अम्माचा आवाज आला, मान वर न करता, घरात बोलावं तसा : “कूसोनि चेप्पु, बिड्डा.” बसून सांग, बाळा.

दोघी-तिघी हसल्या. “व्हय की, खाली बस की! उंचावर वारं लागतंय पोराला.”

मी टेबलावरून उतरलो. पहिल्या रांगेच्या कडेला, एका बाईच्या शेजारी, मातीत बसलो. कुणाकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत तेलुगूत बोलायला लागलो. मनं. आपल्या विड्या, आपली छाट, आपण उद्यापासून चेकरसमोर दोघी-दोघींनी उभं राहायचं. भाषण नव्हतंच ते. मध्येच कुणी विचारायचं, कुणी चेकरच्या चालण्याची नक्कल करायचं. आवाज हळू होता, पण तुटला नाही.

मागून मास्तर ओरडत होते, “मोठ्याने! इथे काही ऐकू येत नाही!” त्यांना तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं.

छाटीचं पुढे काय झालं ते लांबचं आहे. थोडी कमी झाली, पुन्हा वाढली, भांडण चालू आहे. माझ्या घशाचं सांगतो. तेव्हापासून मी बसून बोलतो, मराठीतही, आणि आवाज राहतो. याचं श्रेय कुणाला? कॉटला, त्या खोट्या-खऱ्या आठवणीला, की अम्माच्या तीन शब्दांना? ते तीन शब्द तिने त्याआधीही म्हटले असते, तर मी उतरलो असतो का? मला वाटत नाही. कॉटवर एकदा मोडून पडलो होतो म्हणून मातीत बसता आलं. हे सिद्ध करता येणार नाही. पत्रकात घालण्यासारखं तर अजिबात नाही.

सभेनंतर मास्तरांनी पाठीवर थाप मारली. “आला की नाही आवाज? कशाने आला?”

“गुळण्यांनी,” मी म्हणालो.

“बघ, मी सांगत होतो!”

त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी आम्ही दोघे सात रस्त्यावर उभे होतो. माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा. मास्तरांनी ‘भरल्या पोटाचं दुखणं’ पुन्हा छापून घेतलं होतं, मागणी होती म्हणून. मी नको म्हणालो नव्हतो. इतक्यात रस्ता ओलांडून डॉक्टरीणबाई आल्या, हातात भाजीची पिशवी. त्यांनी मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. कुणाला कळू नये म्हणून त्या असंच करत असतील, रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाशी. पण क्षणभर त्या थांबल्या. मी ओळख दाखवतो का, एवढंच बघायला. ते थांबणं मी ओळखलं.

मास्तरांनी त्यांच्याही हातात एक पत्रक दिलं. त्यांनी ते घेतलं, घडी करून पिशवीत भाजीवर ठेवलं आणि गेल्या.

“कोण रे त्या?” मास्तरांनी विचारलं. “तुझ्याकडे बघत होत्या.”

“ओळखीच्या नाहीत,” मी म्हणालो.

घसा जराही अडला नाही. उभ्याने, भर चौकात, स्वच्छ मराठीत, खणखणीत आवाज.

शाखेतलं ते कधी घडलंच नव्हतं, असं अम्मा अजूनही म्हणते. नसेल घडलं. सात रस्त्यावरचं मात्र घडलं, आणि त्याला मास्तर साक्षीदार आहेत, फक्त त्यांना ते ठाऊक नाही.